शेजारचा अनंत

मेलबर्नजवळच्या टार्निटच्या त्या गल्लीतली घरं सगळी एकाच साच्यातली. गराजचं भलंमोठं दार, त्याला चिकटून घराचं दार, पुढे चार पावलांचं अंगण. कुणाचं घर कुठलं हे ओळखायचं ते अंगणावरून. चिन्मयीचं अंगण बघायला लोक गाडी हळू करायचे. तिच्या शेजारच्या सुमेधाच्या अंगणापुढे कुणी गाडी हळू केली, तर खुशाल समजावं की तो पत्ता शोधतोय.

सुमेधा पुण्याची, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली. दुसऱ्याच्या कामातली खोट काढायचा तिला पगारच मिळायचा, आणि ती पगारापेक्षा जास्त काम करायची. स्वतःच्या अंगणात मात्र पांढरे खडे आणि गवताचे दोन वाळके झुबके. टार्निटची काळी चिकण माती उन्हाळ्यात दगडासारखी होते आणि हिवाळ्यात बुटाला चिकटून घरात येते. त्याच मातीत चिन्मयीने मागे उंच, मधे मध्यम, पुढे बुटकी अशा तीन ओळी धरून वाफा रचला होता. कडेने हिरव्या गवताची झालर, मग लव्हेंडर, मग निळ्या गेंदांचे अगापँथस. आणि वाफ्याला जिथे वळण होतं, नेमका तिथे अनंत. तिच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणायचे. सुमेधाही म्हणायची आणि तिच्या पोटात दुखायचं.

तरी दोघींची मैत्री होती, आणि ती खोटी नव्हती. सकाळी दोघी चालायला जायच्या. जाताना कुणाच्या कुंपणाबाहेर डोकावणारा गुलाब, कुणाची जास्वंद हळूच खुडून पिशवीत टाकायच्या. सुमेधाची आई कोथरूडला हेच करायची, त्यासाठी तिने काठीला तारेचा आकडाही लावून घेतला होता. देवासाठी घेतलं म्हणजे झालं, एवढा साधा त्या बायकांचा कायदा. "इथे कुणी पोलीस बोलावले ना, तर मी सांगणार की मी हिला ओळखत नाही," असं चिन्मयी म्हणायची आणि दोघी हसत सुटायच्या.

अनंताची गोष्ट वेगळी होती आणि ती सुमेधाइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. डिसेंबर २०१८ मध्ये चिन्मयीचं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगी होती. हॉस्पिटलने एक छोटी पुठ्ठ्याची पेटी हातात दिली. चिन्मयीच्या आईने नाशिकहून बाळासाठी आपल्या जुन्या मऊ साडीची दुपटी पाठवली होती. त्यातलं हळदी काठाचं दुपटं चिन्मयीने त्या पेटीत घातलं. पंधरा तारखेला सकाळी वाफ्याच्या वळणावर खड्डा खणायचा होता. चिन्मयीच्या अंगात त्राण नव्हतं, नवरा संजीव गाडीत जाऊन स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. खड्डा सुमेधाने खणला. पेटी ठेवल्यावर तिनेच माती लोटली आणि वर अनंताचं रोप दोघींनी मिळून लावलं. त्या दिवशी सुमेधा खरोखर रडली होती, हेही सांगायला हवं. कारण पुढचं ऐकल्यावर कुणाला ते पटणार नाही.

मार्च २०२०च्या पहिल्या आठवड्यात चिन्मयीच्या आईचं मोठं ऑपरेशन ठरलं. दोघं नवराबायको सहा आठवड्यांसाठी नाशिकला निघाली. जाताना चिन्मयीने किल्ली दिली आणि म्हणाली, "बाकीचं वाळलं तरी चालेल गं. अनंताला तेवढं पाणी घाल."

"वेडी आहेस का, रोज घालीन," सुमेधा म्हणाली.

पंधरा दिवसांत विमानं बंद झाली. सहा आठवड्यांचे सहा महिने झाले. तिकीट निघायचं आणि रद्द व्हायचं. आईची तब्येत सावरायची आणि पुन्हा ढासळायची. इकडे मेलबर्नला ऑगस्टमध्ये कडक लॉकडाऊन लागला. पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, दिवसातून तासभरच बाहेर पडायचं. माणसं घरात सडत होती. अशा वेळी टार्निट मराठी परिवाराच्या ग्रुपवर कौमुदीने 'माझं अंगण' स्पर्धा जाहीर केली. कौमुदी ग्रुपची ॲडमिन, म्हणजे तिथलं सरकारच. नोव्हेंबरपर्यंत घरासमोरचा वाफा तयार करायचा आणि फोटो पाठवायचे.

सुमेधाने मनावर घेतलं. व्हिडिओ बघून बघून तिने सगळं शास्त्र पाठ केलं. बागेचा होजपाइप जमिनीवर टाकून वाफ्याची वळणदार रेघ आखली. पांढरे खडे उपसले, पहारीने माती फोडली, ती भुसभुशीत व्हावी म्हणून जिप्सम मिसळलं. हाताला फोड आले, पण माघार घेईल तर ती सुमेधा कसली! झाडं मात्र नव्हती. नर्सरीत पाऊल ठेवायची सोय नव्हती आणि ऑनलाइन मागवलेलं जे आलं, ते वाटेतच मान टाकून आलं. पलीकडे, सात पावलांवर, चिन्मयीचा वाफा मजेत वाढत होता.

पहिल्यांदा तिने काठाच्या गवताचे गड्डे खणून आणले. एकाचे दोन होतात, अर्धे तिथेच ठेवले, मग बिघडलं कुठे? मग अगापँथस. मग लव्हेंडरची तीन झाडं, कारण व्हिडिओतली बाई म्हणाली होती की रोपं नेहमी तीन किंवा पाच लावावीत, जोडीने नाहीत. लव्हेंडरचे काही दोन होत नाहीत. पण तोवर सुमेधाला हिशोब ठेवायची गरज वाटेनाशी झाली होती.

तिची नऊ वर्षांची लेक ओवी सायकल घेऊन उभी होती. "मम्, दॅट्स चिन्मयी मावशीज्."

"मावशीनेच सांगितलंय, सांभाळ म्हणून. सांभाळतेच आहे ना?"

सप्टेंबरात वाफा भरला, पण दिसायला भाजीच्या टोपलीसारखा. सगळं होतं आणि नजर कुठेच ठरत नव्हती. व्हिडिओतल्या बाईचं म्हणणं असं की वळणावर एक तरी असं झाड हवं, जिथे डोळा येऊन थांबेल. सुमेधाचा डोळा कुठे जाऊन थांबत होता, ते सांगायची गरज नाही.

दोन दिवस ती विचार करत होती. म्हणजे काय करायचं ते ठरलंच होतं, दोन दिवस ती फक्त कारण शोधत होती. तिसऱ्या दिवशी ते सापडलं. तिकडे पश्चिमेचं ऊन थेट लागतं, अनंताला ते सोसत नाही, आपल्याकडे जरा आडोसा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फावडं घेतलं.

अनंताने मुळं चांगली खोल धरली होती. तिने चौफेर चर खणला, खालून पहार घातली, जोर लावला. मातीचा मोठा गड्डा मुळांसकट सुटून वर आला. त्याच्या तळाशी मुळांच्या जाळ्यात काहीतरी पिवळं अडकलं होतं. सुमेधा थांबली. हळदी काठाची हातभर पट्टी. कापड मातीत गेलं होतं, पेटी गेली होती. काठ तेवढा राहिला होता, आणि मुळांनी तो घट्ट धरून ठेवला होता.

इथे कुणीही झाड परत खड्ड्यात ठेवलं असतं. हात जोडले असते, माती लोटली असती, घरी जाऊन आंघोळ केली असती.

"व्हॉट्स द यलो थिंग?" ओवीने विचारलं.

"प्लास्टिक आहे. आत जा."

ती पट्टी सुमेधाने बोटाने मुळांत परत खुपसली. खेचून काढली तर मुळं तुटतील, आणि मुळं तुटली तर झाड धरत नाही. एवढाच विचार तिने केला. मग गड्डा गोणपाटावर ओढत सात पावलं नेला आणि आपल्या वळणावर बसवला. पलीकडचा खड्डा बुजवून वर सालींचा भुगा पसरला. यतिन, तिचा नवरा, मीटिंग संपवून बाहेर आला. झाड बघून त्याचा चेहरा उतरला, कारण त्या पंधरा डिसेंबरला घरून चहाचा थर्मास घेऊन तोच गेला होता.

"सुमेधा, हे बरोबर नाही. यू नो दॅट."

"ती आली की परत लावू. तोवर रोज दुपारी तिकडे जाऊन पाणी तू घालणार आहेस का?"

यतिनला तीन वाजता दुसरी मीटिंग होती. तो आत गेला. सज्जन माणूस, त्या विषयावर पुढे वर्षभर बोलला नाही.

दर रविवारी नाशिकहून व्हिडिओ कॉल यायचा. चिन्मयी आईच्या तब्येतीचं दोन वाक्यांत आटपायची आणि विचारायची, "अनंत कसा आहे?" सुमेधा कॅमेरा पानांच्या अगदी जवळ न्यायची, मागची आपली पत्रपेटी दिसू नये म्हणून. एकदा चिन्मयी म्हणाली, "फोन जरा त्याच्याजवळ धर ना. आणि तू थोडी लांब हो. प्लीज."

सुमेधाने फोन फांदीत अडकवला आणि दोन पावलं मागे झाली. तरी ऐकू आलंच. "मी येते हं. आजीला बरं वाटलं की लगेच येते. शहाण्यासारखी राहा." सुमेधाला त्या वेळी एक पिवळं पान दिसलं. लोह कमी पडतंय, तिने मनात नोंद केली.

त्या वर्षी तिला दुसरं बक्षीस मिळालं. कौमुदीने लिहिलं, 'मधलं झाड अजून जरा भरलं की मग बघायलाच नको.' सुमेधाने ते वाक्य दहा वेळा वाचलं. पुढचं वर्षभर अनंताला जे खत, जे पाणी, जी छाटणी मिळाली, ती चिन्मयीच्या हातूनही मिळाली नसती. झाड डेरेदार झालं, छातीएवढं वाढलं. जीव लावला होता तिने, हे नाकारून चालणार नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये सीमा उघडल्या. चिन्मयीचा फोन आला तेव्हा ती हसत होती आणि रडत होती. आई जुलैमध्ये गेली होती. आता नाशकात थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं. दहा डिसेंबरचं तिकीट मिळालं होतं.

स्पर्धेचे परीक्षक या वर्षी प्रत्यक्ष घरोघरी येणार होते, एकोणीस डिसेंबरला, रविवारी. अनंतावर मोजून सव्वीस कळ्या होत्या.

"आता परत लाव," यतिन म्हणाला. सव्वा वर्षानंतर त्याला कंठ फुटला.

"कळ्या धरलेल्या असताना? या उन्हात? मरेल ते. ते मेलेलं तिला आवडेल का?"

सुमेधा नर्सरीत गेली आणि गुडघ्याएवढं अनंताचं रोप घेऊन आली. नावाची प्लास्टिकची पट्टी काढून टाकली, दोनचार फांद्या मुद्दाम कापल्या, आणि पलीकडच्या बुजवलेल्या खड्ड्यात ते लावलं. गवताचे आणि अगापँथसचे गड्डे वाटून परत दिले, लव्हेंडरही नवीन आणून लावलं. दोन दिवस कंबर मोडेपर्यंत खपली. संध्याकाळी उभी राहून बघितलं तर सगळं जागच्या जागी.

चिन्मयी आली ती अर्धी होऊन. नियमाप्रमाणे पहिले तीन दिवस घरातच राहायचं होतं, पण स्वतःच्या अंगणात यायला कुणाची ना नव्हती. टॅक्सीतून उतरून, बॅगा संजीववर सोडून ती वाफ्याच्या वळणावर जाऊन बसली. सुमेधा आपल्या पायरीवर मास्क लावून उभी होती.

"केवढासा झालाय गं."

"गेल्या हिवाळ्यात थंडीने जळाला. पार खाली छाटावा लागला. तुझ्या आईचं चाललेलं, म्हणून फोनवर बोलले नाही. मला वाटलं जातोय की काय, पण वाचला बाई."

चिन्मयीने त्या रोपाच्या बुंध्याशी माती थोपटली. कितीतरी वेळ थोपटत राहिली. मग सुमेधाकडे वळून तिने हात जोडले. "तू नसतीस तर माझं काय झालं असतं? सख्ख्या बहिणीने केलं नसतं."

"काहीतरीच तुझं," सुमेधा म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता, आणि तो मुद्दाम आणलेला नव्हता.

नवीन रोपाला चार कळ्या होत्या. जागा बदलल्यावर अनंत कळ्या टाकतो. चौदा तारखेपर्यंत चारही गळून पडल्या. त्याच संध्याकाळी सुमेधाच्या झाडाच्या पहिल्या पाच कळ्या उमलल्या आणि वास दोन्ही अंगणांत भरला. चिन्मयी कुंपण नसलेल्या त्या हद्दीशी येऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले होते.

"तुझा किती सुंदर फुललाय. कधी लावलास?"

"झालं की वर्षभर. तुझ्यावरूनच आयडिया घेतली."

"उद्या पंधरा आहे. माझ्याकडे एकही फूल नाही. एक देशील? तिच्यासाठी."

सुमेधाने झाडाकडे बघितलं. वळणावरची पाच फुलं, एकदम समोरची. रविवारपर्यंत बाकीच्या उमलतील की नाही, कुणी सांगावं. "अगं, रविवारी परीक्षक येतायत. आत्ता तोडलं ना की तो सगळा बॅलन्सच जातो. सोमवारी ये आणि सगळी घेऊन जा. खरंच, नो वरीज."

"हो, हो. तेही खरंच," चिन्मयी म्हणाली आणि आत गेली.

पंधराला सकाळी सुमेधाच्या फोनवर दाराच्या कॅमेऱ्याची सूचना वाजली. सहा वाजत होते, बाहेर चांगलं उजाडलं होतं. चिन्मयी सुमेधाच्या वाफ्यात उभी होती, निळा कुर्ता, खांद्यावर ओली वेणी. तिने इकडे तिकडे बघितलं. एक फूल तोडलं, ओंजळीत घेतलं. मग जायच्या ऐवजी तिथेच थांबली. दुसरा हात तिने झाडाच्या बुंध्यावर ठेवला, आणि ठेवूनच राहिली, एक मिनिट, दोन मिनिटं. मग वाकून बुंध्याशी माती बघू लागली.

सुमेधा पलंगावर ताठ उठून बसली. ओळखलं हिने. आता ही सगळ्यांना सांगणार. कौमुदीला सांगणार, रविवारच्या आधी सांगणार. पुढच्या पाच मिनिटांत तिने जे केलं, ते भीतीने केलं असं म्हणायला हरकत नाही. तिने ती क्लिप कापली, फूल तोडेपर्यंतचीच ठेवली, आणि टार्निट मराठी परिवारावर टाकली. खाली लिहिलं, 'स्पर्धेच्या चार दिवस आधी. नाव घेत नाही. ज्यांच्यासाठी दोन वर्षं राबले त्यांनीच असं करावं, वाईट वाटतं.'

नाव घ्यायची गरज नव्हती. चेहरा स्वच्छ दिसत होता. आठ वाजेपर्यंत एकशे चार लोकांनी बघितलं होतं. कुणी रडके चेहरे टाकले. कुणी लिहिलं, 'इतकी वर्षं इथे राहून सिव्हिक सेन्स नाही.' कुणी लिहिलं, 'मागायचं ना, तोंड नाही का?' कौमुदीने लिहिलं, 'व्हेरी डिसअपॉइंटिंग. यांचं अंगण स्पर्धेतून बाद समजावं.' चिन्मयीचं अंगण स्पर्धेत नव्हतंच. ती लगेच ग्रुप सोडून गेल्याची ओळ खाली उमटली.

दुपारी दारावरची बेल वाजली. सुमेधाने स्क्रीनवर चिन्मयीला बघितलं आणि मनाशी सगळी उत्तरं तयार केली. उन्हाचं, थंडीचं, मुळांचं. कशी आरडाओरड होईल, कसं आपण शांत राहायचं. दार उघडलं.

चिन्मयीच्या हातात स्टीलचा डबा होता. आत रव्याचे लाडू होते.

"मी चुकले," ती म्हणाली. "तू नाही म्हणाली होतीस आणि तरी मी घेतलं. मला वाटलं, आपण चालताना घ्यायचो तसंच... नाही, तसंही नाही. मला हवंच होतं ते. सकाळी तिच्या जागेवर ठेवलं." ती बोलता बोलता आपल्या अंगणातल्या गुडघ्याएवढ्या रोपाकडे बघत होती. त्याच्या बुंध्याशी पांढरं फूल होतं, उन्हाने कडेने पिवळं पडायला लागलेलं. "तुझ्या झाडापाशी मला फार बरं वाटलं, का कुणास ठाऊक. हलावंसंच वाटेना. तू दोन वर्षं माझ्या लेकीला पाणी घातलंस, आणि मी तुझं फूल चोरलं. लोक बोलतात ते बरोबरच आहे."

तिला काही कळलं नव्हतं. सुमेधाच्या छातीवरचा धोंडा उतरला. एवढं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं, आणि त्या हलकेपणात तिला चिन्मयीची मनापासून दया आली.

ओवी जिन्यावर उभी राहून ऐकत होती. आता ती दहा वर्षांची होती आणि पिवळं काय होतं ते तिला कधीच कळून चुकलं होतं. तिने तोंड उघडलं. सुमेधाने मान वळवून तिच्याकडे नुसतं बघितलं. ओवी वर निघून गेली आणि तिच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

"जाऊ दे गं," सुमेधा म्हणाली आणि डबा हातात घेतला. "क्लिप काढून टाकते मी. माझ्या मनात काही नाही."

"खरंच माफ केलंस?"

"केलं."

चिन्मयीने डोळे पुसले. "शपथ घेऊन सांगते, पुन्हा तुझ्या वाफ्यात पाऊल टाकणार नाही. त्या झाडाला हात लावणार नाही."

"हो," सुमेधा म्हणाली, "तेवढं मात्र पाळ हं."